कमलाक्का आणि गुंडूची आंघोळ

कमलाक्का आवाज चढवत नसत, कारण तो मुळातच चढलेला असे. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात त्या दूधवाल्याशी बोलत, देवाशी बोलत आणि घरात कोणी नसलं तर स्वतःशीही बोलत. जयनगरातल्या त्यांच्या घरी मी वरची खोली बघायला गेले, तेव्हा फाटकाबाहेरच मला ऐकू आलं, "गुंडू! इकडे ये म्हटलं ना? एकदा सांगितलेलं कळत नाही काय रे?" मला वाटलं, घरात एखादा द्वाड नातू असणार. आत गेले तर कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या एक उंच बाई, पदर खोचून, हातात ब्रश घेऊन जुन्या स्कूटरसमोर वाकलेल्या. स्कूटरखाली दोन डोळे आणि पुष्कळसे मळके पांढरे केस दिसत होते. "आलीस काय? त्या बाजूनं हाकल बघू त्याला," असं त्या मला म्हणाल्या. मी कोण, कशाला आले, हे त्यांनी नंतर विचारलं. मी हाकललं, गुंडू तिसऱ्याच बाजूनं निसटून मागच्या अंगणात पळाला, आणि आम्ही दोघी घामाघूम होऊन पायरीवर बसलो. खोली मला मिळाली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. अक्का गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं माहेर चामराजपेटेतलं, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारं मराठी घर. स्वतः अक्का मात्र शिकल्या, कन्नड शाळेत शिक्षिका झाल्या आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या मराठीत दर वाक्याला एखादा कन्नड शब्द येऊन बसायचा. माझ्या मराठीत इंग्रजी फार आहे, असं त्यांचं मत होतं. दोघी एकमेकींची भाषा सुधारायला बघत होतो आणि दोघींनाही त्यात यश आलं नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. यजमानांना सगळे नुसतं 'राव' म्हणत. गुंडूला पिल्लू असताना खिशात घालून घरी आणलं ते रावांनीच. त्याचं विंचरणं, न्हाऊ घालणं, नखं कापणं सगळं राव करत, आणि तोही मुकाट्यानं करून घेई. राव अचानक गेले, तेव्हापासून घरात या दोघांखेरीज कोणी नव्हतं. गुंडू रात्री अक्कांच्या पलंगावर त्यांच्या पायाशी झोपायचा. हे मला अक्कांनी सांगितलं. मी राहायला गेले तोवर त्यानं ते बंद केलं होतं आणि तो व्हरांड्यात पोत्यावर झोपू लागला होता.

अक्कांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाई असेल तर उद्या या." नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, वर्गणी मागणाऱ्यांना, सकाळी ऑफिसची बस पकडायला धावणाऱ्या मला, सगळ्यांना तेच. त्यांच्याकडे कुठलंही काम घाईत होत नसे. गुंडूच्या बाबतीत मात्र त्यांना भयंकर घाई होती, आणि तिला कारणही होतं. पॉमेरियन जातीचा कुत्रा तो. रोज विंचरलं नाही तर त्याचे केस गुंततात. ब्रश, टॉवेल किंवा बादली दिसली की हा शेपूट खाली घालायचा, ओठ चाटायचा, मोठी जांभई द्यायचा आणि स्कूटरखाली पसार व्हायचा. कानामागे आणि काखेत त्याच्या जटा झाल्या होत्या. त्यांच्याखाली कातडी लाल होऊन चिघळायला लागली होती.

चौथ्या ब्लॉकातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला रिक्षातून नेलं. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन थोड्या जटा कापल्या. मग स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. "याचं हृदय नाजूक आहे अम्मा," ते म्हणाले. "पुन्हापुन्हा गुंगी देता येणार नाही. घरीच विंचरायला हवं, नाहीतर जखमा आत जातील." अक्का म्हणाल्या, "विंचरते की. आम्ही दोघी घट्ट धरतो त्याला." डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. "हिडीबेडी, अम्मा! धरू नका. धरलं की भीती दुप्पट होते. हा जांभया देतो ना, ती झोप नाही. आतून घाबरलेला असतो तो. आधी कशाला भितो ते शोधा."

"अय्यो, मला वाटायचं मी बोलायला लागले की याला कंटाळा येतो," अक्का रिक्षात म्हणाल्या. "शाळेत पोरीपण जांभया द्यायच्या." आम्ही दोघी हसलो. पण त्यांना डॉक्टरांचं बोलणं लागलं होतं. "कशाला भितो म्हणे! माझ्या घरात याला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही," असं त्या घरी येईपर्यंत पुटपुटत होत्या. गुंडू माझ्या मांडीवर होता. ते त्यांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

कारण खरी गोम तिथेच होती. गुंडू माझ्याकडे यायचा, पेपर टाकणाऱ्याकडे जायचा, चामराजपेटेहून येणाऱ्या अक्कांच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या पायाशी लोळायचा. अक्कांनी हात पुढे केला की मात्र मागे सरकायचा. खायला त्याच घालायच्या, पण बशी ठेवून त्या लांब गेल्याशिवाय तो तोंड लावत नसे. "माझ्याशीच काय वैर आहे बघ की याचं," त्या म्हणायच्या. थट्टेच्या सुरात म्हणायच्या, पण म्हणताना पदराला हात पुसत राहायच्या. केस हे निमित्त होतं. हा आपल्याजवळ परत येईल की नाही, हीच त्यांची खरी काळजी होती, आणि ती मला तेव्हाही दिसत होती.

उत्तर सापडलं ते उन्हाळ्यात. अण्णांच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि उटणं नीट मिसळायचं काम अक्कांकडे होतं. गुंडू स्वयंपाकघराच्या दारात खोबऱ्याच्या आशेनं बसलेला. ओट्यावर मागच्या दिवाळीच्या उटण्याचा डबा होता. अक्कांनी झाकण उघडलं, वास पसरला, आणि गुंडूनं बसल्या जागीच लघवी केली. मग धडपडत, दारावर आपटत पळाला. मी फडकं आणायला वळले. वळून बघते तर अक्का झाकण हातात धरून तशाच उभ्या.

"शुभा," त्या म्हणाल्या. त्यांचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मीच गं घाबरवलं त्याला."

मग त्यांनी सांगितलं. राव गेले त्या वर्षी घरात दिवाळी झालीच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ठरवलं, सगळं रीतसर करायचं. आदल्या संध्याकाळी हंडा घासला, त्याला फुलं बांधली, पाणी भरून ठेवलं. त्यांच्याकडची पद्धत अशी, की नरकचतुर्दशीला घरातल्या पुरुषाला किंवा मुलाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, आणि आंघोळ चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी न्हाणीघराच्या दाराशी फुलबाजी आणि फटाक्यांची माळ लावायची. माळ वाजली की आंघोळीला पूर्णता आली. "राव गेलेले. पोरंबाळं नाहीत. मला कोणालातरी न्हाऊ घालायचं होतं गं," अक्का म्हणाल्या. "याला पाटावर बसवलं. टिळा लावला. तेल लावलं तर चाटत होता, खुशीत होता. अण्णा आले होते फराळाला. त्यांनी दाराशी माळ लावली. एवढंसं न्हाणीघर आमचं. आत काय आवाज घुमला म्हणून सांगू! आणि हा सुटायला बघायला लागला, तर पाय घसरेल म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. माळ संपेपर्यंत धरून ठेवलं."

मी म्हणाले, "अक्का, तुम्ही प्रेमानंच केलंत की सगळं."

"प्रेमानं केलं हे त्याला कोण सांगणार? तू सांगतीस?"

असं कुठल्या घरी घडेल? कुत्र्याला घरातला मुलगा मानून त्याच्या मानाचं अभ्यंगस्नान, आणि मानाची माळ. गुंडूच्या डोक्यात मात्र पाणी, उटणं, टॉवेल, तो आवाज आणि अक्कांचे हात हे सगळं एकत्र बसलं होतं. कामाला येणाऱ्या बाईला देऊन तो डबा अक्कांनी त्याच दिवशी घराबाहेर काढला. आयुष्यभर वापरलेला चंदनाचा साबण बदलला. शुक्रवारी डोक्याला तेल लावून न्हायचं बंद केलं. शाळेत जिनं कधी कोणाचं ऐकलं नसेल त्या बाईनं स्वतःचा वाससुद्धा बदलायला घेतला, हे बघून मला त्यांची फार दया आली. तसं म्हटलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

पण स्वभाव काही साबणासारखा बदलत नाही. अक्कांनी गुंडूसाठी इयत्ता आखल्या. पहिलीत ब्रश नुसता जमिनीवर पडलेला असणार आणि त्याच्या शेजारी इडलीचा तुकडा. दुसरीत ब्रश हातात. तिसरीत पाठीवर एकदाच फिरवायचा. गुंडू पहिलीत चांगला रमला. इडलीसाठी ब्रशला नाक लावू लागला. त्यावर अक्का इतक्या हरखल्या, की त्यांनी त्याला भराभर वर चढवलं. एका रविवारी तो कानाजवळ ब्रश फिरवू देतोय असं बघून त्यांनी काखेतली जट सोडवायला त्याचा पाय पकडला. त्यानं गुरगुरून बघितलं. "सुम्ने इरु! गप्प बस," असं म्हणून त्यांनी पाय आणखी आवळला, आणि तो त्यांच्या हाताला कडकडून चावला.

कळल्याबरोबर अण्णा चामराजपेटेहून धावत आले. बहिणीचा हात बघून त्यांचं डोकंच फिरलं. मारतहळ्ळीच्या पलीकडे त्यांच्या एका ओळखीच्यांची चिकूची बाग होती. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती, आजच्यासारख्या काचेच्या इमारती नव्हत्या. "उद्याच तिथं सोडून येतो याला," अण्णा म्हणाले. "राहील मोकळा. कमळे, या वयात असलं जनावर घरात नको. आज हात, उद्या तोंडाला चावेल." मला भीती वाटली की त्या हो म्हणतील. त्यांचा हात चांगलाच सुजला होता.

"अण्णा, तो आधी नको म्हणाला होता," अक्का म्हणाल्या. "मी ऐकलं नाही म्हणून मग चावला. आणखी स्वल्प दिवस द्या मला. दिवाळीपर्यंत. तोवर माझ्या हाताला आला नाही, तर न्या."

अण्णा गेल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. अक्का आपल्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत एक पोरगी होती. फळ्याजवळ बोलावलं की कापायला लागायची. मी तिला रोज बोलवायची. तिची भीती जावी म्हणून."

"गेली का?" मी विचारलं.

"शाळा सोडून गेली. मला वाटलं, अभ्यास नको होता तिला." त्या उठल्या आणि आत जाऊन कुकर लावला. त्या मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना ते आठवत होतं, अशी माझी खात्री आहे.

त्या दिवसापासून इयत्ता बंद झाल्या. अक्का रोज दुपारी व्हरांड्यात जमिनीवर बसायच्या, तेही गुंडूकडे पाठ करून, पेपर वाचत. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, समोरून अंगावर जाऊ नका, बघत बसू नका. शेजारी ब्रश आणि बशीत इडली. तो आला तर आला. आला, तर त्याच्यापुढे ब्रश धरायचा. त्यानं नाक लावलं तर पाठीवर एकदा फिरवायचा आणि थांबायचं. तो थांबला, तर आणखी एकदा. तो उठला, तर ब्रश खाली. "जाऊ दे," त्या म्हणायच्या, "उठून जायची परवानगी आहे त्याला." आणि हे सगळं इतक्या खालच्या आवाजात, की शेजारच्या बाई मला विचारायला आल्या, अक्का आजारी आहेत का. मला सगळ्यात अवघड गेलं असतं ते निराळंच. चाळिशी लावून पेपर धरलेली ती ताठ पाठ, आणि मागे कुत्रा येतोय की नाही हे न बघता बसणं.

कितीतरी दुपारी तो आला नाही. मग एकदा मी सुट्टीच्या दिवशी वरून बघत होते, तर गुंडू पोत्यावरून उठला आणि अक्कांच्या पाठीला नाक लावून उभा राहिला. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी पेपरचं पानसुद्धा उलटलं नाही.

ब्रश जमला तरी जटा कापायला कात्री लागणार होती, आणि कात्रीच्या आवाजानं तो पुन्हा बिथरला. त्यावर उपाय अण्णांनीच काढला. आपल्या शिवणाच्या दुकानातली कात्री आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन ते दर रविवारी यायचे, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचे आणि नुसत्या चिंध्या कापायचे. कच्‌ कच्‌ आवाज आला की अक्का गुंडूला इडली द्यायच्या. हळूहळू अण्णा जवळ सरकत गेले. "आयुष्यभर माणसांचे कपडे बेतले, आता कुत्र्याच्या शिकवणीला बसलोय," असं ते कुरकुरायचे आणि पुढच्या रविवारी आणखी चिंध्या घेऊन यायचे. माळ आपण लावली होती, हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नव्हतं. दिवाळीच्या आधी एका रविवारी त्यांनी काखेतली शेवटची जट कापली. गुंडू अक्कांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून पडला होता. अण्णांनी कात्री कनवटीला खोचली आणि म्हणाले, "राहू दे याला इथंच."

चिकूच्या बागेत तो गेला, पण फक्त दिवाळीपुरता. फटाक्यांपासून लांब म्हणून अक्का, गुंडू आणि मी आदल्या दिवशीच मारतहळ्ळीला जाऊन राहिलो. ऑफिसच्या कामामुळे मला पुण्याला जाता आलं नव्हतं. चतुर्दशीला अक्कांनी तेल लावलं नाही, उटणं लावलं नाही. विहिरीच्या साध्या पाण्यानं अंग धुऊन त्या गुंडूला विंचरायला बसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा अशी दिवाळी," त्या म्हणाल्या. जन्मभराचा नेम मोडल्याचं वाईट त्यांना वाटत होतं आणि ते त्या लपवत नव्हत्या.

यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. गुंडू अंग विंचरू द्यायचा, नखं कापू द्यायचा, ओल्या फडक्यानं पाय पुसू द्यायचा. न्हाणीघराचा उंबरा त्यानं पुन्हा कधी ओलांडला नाही, आणि अक्कांच्या पलंगावरही तो परत गेला नाही. विंचरून झालं की अंग झाडायचा आणि आपल्या पोत्यावर जायचा. अक्कांनी पलंगाच्या पायाशी त्याची जुनी चादर घालून ठेवली होती. ती त्या रोज झटकायच्या आणि पुन्हा घालायच्या. एकदा मला म्हणाल्या, "कुत्री विसरतात म्हणतात ना गं?" मी हो म्हणाले. "काही नाही विसरत. आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात," त्या म्हणाल्या.

दोनएक वर्षांनी, थंडीत, एका दुपारी गुंडू पोत्यावरच गेला. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याचं ते नाजूक हृदय थांबलं. अक्कांनी मला ऑफिसात फोन केला आणि मी निघाले. पोचले तेव्हा अण्णा आलेले होते आणि मागच्या अंगणात नारळाखाली खड्डा खणून झाला होता. अक्का व्हरांड्यात गुंडूजवळ बसल्या होत्या. गुंडूसाठी सोडलेलं तेल-उटणं वगळता या बाईंनी आयुष्यात एकही विधी अर्धवट ठेवला नव्हता, रावांचंही सगळं यथासांग केलं होतं. म्हणून अण्णांनी आधीच पाणी तापवून ठेवलं होतं.

तांब्या घेऊन ते बाहेर आले. "कमळे, दोन तांबे पाणी घालूया अंगावर," ते हळूच म्हणाले. "घरातलाच होता. पारोसा कसा मातीत ठेवायचा?"

"नको, अण्णा. पाणी नको."

"अगं, आता त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय की," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी ते पाणी नारळाच्या बुंध्याशी ओतलं. अक्कांनी गुंडूच्या कानामागचे केस बोटांनी नीट केले, पायांचे केले. पलंगावरची चादर आणून त्याला तिच्यात गुंडाळलं, आणि आम्ही त्याला तसाच, कोरडा, मातीत ठेवला.